बाळाला काविळीसाठी पेटीत ठेवलं होतं: रंगावर, त्वचेवर पुढे परिणाम राहतो का?

गिरणाकाठची
नमस्कार मंडळी. बाळंतपणासाठी माहेरी चाळीसगावला आले आहे. पहिलीच मुलगी. तिसऱ्या दिवशी डोळे आणि छाती पिवळी दिसायला लागली, रक्त तपासलं तर बिलिरुबिन (काविळीचा पिवळा घटक) १७. लगेच निळ्या लाईटच्या पेटीत ठेवलं. दोन-तीन दिवसांत उतरलं, आता आम्ही घरी आहोत, दूध व्यवस्थित पिते.

प्रश्न वेगळाच आहे. तिचं पोट आणि मांड्या आधीपेक्षा सावळ्या दिसतात आणि लंगोट होता तिथे पट्टा उजळ राहिलाय. सासूबाई भेटायला आल्या, दुपटं बाजूला करून बघितलं आणि पहिलं वाक्य, "माय वं, पोर कायी पडी जाई!" तेव्हापासून घरात तोच विषय. त्यात नवऱ्याच्या मित्राने मोबाईलवर काहीतरी पाठवलं, लाईटमुळे मोठेपणी अंगावर तीळ येतात, त्वचेचा कॅन्सर होतो वगैरे. ज्यांची मुलं पेटीत होती आणि आता मोठी झाली आहेत त्यांनी लिहा प्लीज. रात्री झोप लागत नाही.

भुसावळ_जंक्शन
अभिनंदन ताई! आमचा मोठा पेटीत होता. आता बारावीला आहे. रंग बापावर गेलाय, त्यात लाईटचा काही दोष नाही.

केळीचं_पान
अभिनंदन. एक विचारते, तुमचंही पिवळं खाणं बंद केलंय का? माझ्या वेळी वरण बंद, हळद बंद, बेसन बंद, आणि रावेरात राहून केळी बंद! शेवटी सासऱ्यांनीच विचारलं, मग हिने खायचं तरी काय, कळण्याची भाकरी आणि हवा?

गिरणाकाठची
@केळीचं_पान, हो ना! हळदीशिवाय भाजी मिळते आहे. आजारी माणसासारखी.

डॉ_खानदेशी
बालरोग विभागात काम करतो म्हणून थोडं लिहितो. आधी आईचं जेवण. हळद खाल्ल्याने बाळाची कावीळ वाढत नाही. बाळाचा पिवळा रंग बिलिरुबिनचा, तो तांबड्या पेशी फुटल्यावर तयार होतो. जन्मानंतर त्या जास्त फुटतात आणि लिव्हर अजून पूर्ण तयार नसतं, म्हणून तो साठतो. पूर्ण दिवसांच्या साधारण ६० टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ दिसतेच, कमी दिवसांच्या बाळांत प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत जातं. बहुतेकांची आपोआप जाते. तेव्हा वरणात हळद घाला आणि पोटभर जेवा.

आता लाईट. सगळा घोटाळा इथे होतो की निळा प्रकाश म्हणजे अतिनील किरण असं लोक धरून चालतात. काविळीच्या लाईटचा कामाचा पट्टा साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटर (प्रकाशलहरीची लांबी). अतिनील ४०० च्या खाली सुरू होतं. कोडासाठी त्वचेचे डॉक्टर जे शेक देतात ते ३११ नॅनोमीटरचे, ते खरंच अतिनील. दोन्हीला लोक "लाईट ट्रीटमेंट" म्हणतात आणि एकाचे दुष्परिणाम दुसऱ्याच्या खात्यावर मांडतात. जुन्या ट्यूबमधून थोडंसं अतिनील निघायचं, ते काचेत आणि पेटीच्या पारदर्शक झाकणात अडायचं. आता बहुतेक ठिकाणी एलईडी आहेत, त्यात तेही नाही.

हा प्रकाश बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो. मूळ बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, बदललेलं विरघळतं, मग लिव्हरच्या प्रक्रियेची वाट न बघता पित्तातून आणि लघवीतून निघून जातं. म्हणून पेटीतल्या बाळाची शी पातळ, हिरवट होते. तिथेही घरचे घाबरतात.

लंगोटाचा पट्टा दिसतो तो थोडासा "टॅन" आहे. सावळ्या घरातल्या बाळांत असा फरक काही वेळा दिसतो आणि हळूहळू पुसला जातो. शिवाय नवजात बाळाचा जन्मतःचा गुलाबी रंग हा त्याचा रंग नसतोच. पुढचे काही महिने तो बदलत असतो, पेटीत ठेवा की पाळण्यात.

मोठी_माय
कानाची पाळी बघायची. कानाच्या पाळीचा जो रंग तोच पुढे अंगाचा रंग. आमच्या अमळनेरला सगळ्या बाया हेच सांगतात.

पुण्यात_खानदेशी
मुलीचं बिलिरुबिन १७ होतं आणि चर्चा रंगाची! १७ चं पुढे २५ झालं असतं तर? मुलगा असता तर सासूबाईंनी हे वाक्य म्हटलं असतं का?

गिरणाकाठची
नसतं म्हटलं. पण मला रोज त्याच घरात राहायचंय दादा. म्हणून उत्तर हवंय.

शंकासुर
डॉक्टरसाहेब, राग मानू नका, पण आमच्याकडे खाजगीत जन्मलेलं प्रत्येक दुसरं बाळ पेटीत जातं. माझ्या भावाच्या मुलीला ठेवलं तेव्हा आम्ही विचारलं, आकडा किती? तर "पिवळी दिसतेय ना, बस." बिल मात्र तासाच्या हिशोबाने. त्या दवाखान्याचं नाव घेत नाही. पण मग लोक म्हणणारच ना, धंदा आहे म्हणून.

डॉ_खानदेशी
@शंकासुर, राग कशाला. नुसतं बघून ठरवणं चूकच. काविळीचा पिवळेपणा चेहऱ्यापासून खाली उतरत जातो हे खरं, पण सावळ्या त्वचेवर नजरेचा अंदाज फसतो. म्हणून आकडा लागतो, आणि आकडा बाळाच्या वयाच्या तासांवर वाचायचा असतो. चोविसाव्या तासाला १२ म्हणजे काळजी, पाचव्या दिवशी १२ म्हणजे बहुतेक वेळा घरी जा. तसा आलेख असतो. पालकांनी बिनधास्त म्हणावं, आमच्या बाळाचा ठिपका आलेखावर दाखवा.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये लाईट सुरू करण्याच्या मर्यादा थोड्या वर नेल्या. म्हणजे गरज नसताना पेटी नको हे आता शास्त्रच सांगतंय. पण तुमची तक्रार ऐकून कुणी १९ ला "धंदा आहे" म्हणत बाळ घरी नेलं, तर ते मला परवडणार नाही.

भरीतवाला
तासाच्या हिशोबाने बिल म्हणजे पेटी नाही भो, लॉज झाला. (हलके घ्या.)

सातपुडा_वारा
सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार मोफत आहेत, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली, २०११ पासून. जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांचा वेगळा कक्ष असतो, तिथे या पेट्या असतात. धुळे, जळगाव, नंदुरबारवाल्यांनी आधी तिथे चौकशी करावी.

परिचारिका_धुळे
मी नवजात कक्षात बरीच वर्षं ड्युटी केली आहे. पेटीतल्या बाळाच्या त्वचेला खरा त्रास कशाचा होतो ते सांगते.

एक, डोळ्यांची पट्टी. लाईटपासून डोळे झाकावेच लागतात. पण बाळ मान हलवतं, पट्टी सरकून नाकावर येते, म्हणून कुणी चिकटपट्टी जोरात लावतं. कमी दिवसांच्या बाळाची कातडी इतकी पातळ असते की ती चिकटपट्टी ओढून काढली तर सालपट निघतं. कोमट पाण्याने भिजवून, कातडीला समांतर धरून हळूहळू सोडवावी लागते. मी नव्या मुलींना हेच पहिलं शिकवते.

दोन, तेल. आज्या लपवून तेल आणतात आणि आमचं लक्ष नसताना चोळून जातात. लाईटखाली तेल लावायचं नाही म्हणजे नाही.

तीन, लाल पुरळ. मध्ये पांढरा ठिपका, भोवती लाली. हा पुरळ पेटीत न गेलेल्या बाळांनाही पहिल्या आठवड्यात येतो आणि आपोआप जातो. लाईटखालीही हलका पुरळ येतो, तोही बंद केल्यावर जातो. आणि कमरेवरचे निळसर डाग! बाळाला पालथं केलं की आई ओरडते, सिस्टर, मशीनने माझं बाळ भाजलं. ते जन्मखुणेचे डाग असतात, आपल्याकडच्या कितीतरी बाळांना असतात, दोन-चार वर्षांत फिके पडतात.

आणि एक गोष्ट आम्हा नर्सेसच्या अभिमानाची. हा सगळा उपचार एका सिस्टरच्या नजरेने सुरू झाला. इंग्लंडमध्ये एसेक्सच्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड कमी दिवसांच्या बाळांना उन्हात बाहेर न्यायच्या. १९५६ मध्ये त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. अंग फिकं झालेलं, पण पोटावर एक त्रिकोण अजून गडद पिवळा. तिथे चादरीचा कोपरा पडला होता. पुढे खिडकीत उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीत बिलिरुबिन कमी भरलं, मग डॉक्टर कामाला लागले आणि १९५८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लेख आला. गिरणाकाठची ताई, तुमच्या मुलीचा लंगोटाचा पट्टा बघून मला तेच आठवलं.

गिरणाकाठची
सिस्टर, हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्रिकोणापर्यंत ऐकलं त्यांनी. मग म्हणाल्या, "मंग उनमा ठेवतात ना, पेटीमा काब्र ठेव?" म्हणजे पेटीत का ठेवलं.

भुसावळ_जंक्शन
एप्रिलमध्ये भुसावळच्या उन्हात? तिथे आम्ही पापड वाळवतो, बाळ नाही.

मोठी_माय
भर उन्हात कोण म्हणतंय? कोवळ्या उन्हात. माझी चारही पोरं कोवळ्या उन्हातच बरी झाली.

डॉ_खानदेशी
मोठी माय, तुमच्या पोरांची कावीळ साधी असणार आणि ती तशीही उतरली असती. उन्हात निळा प्रकाश असतो हे बरोबर, पण सोबत अतिनीलही असतं आणि उष्णताही. उघडं बाळ उन्हात ठेवलं की भाजतं, सुकतं, थंडीत गारठतं. त्यामुळे त्वचेची काळजी असेल तर पेटी उन्हापेक्षा सुरक्षित. नायजेरियात अतिनील आणि उष्णता अडवणारी फिल्म लावलेल्या मांडवाखाली उन्हात बाळं ठेवून बघितली, २०१५ मध्ये तो अभ्यास छापून आला. नेहमीच्या लाईटइतका उपयोग झाला. पण तिथे फिल्म होती आणि बाळांवर सतत लक्ष होतं. आपल्या ओट्यावर दोन्ही नसतं.

आणि कृपया घरी निळा झिरोचा बल्ब लावू नका. दर महिन्याला कुणीतरी सांगतं, आम्ही पाळण्यावर लावलाय. त्याने पाळणा छान दिसतो, कावीळ तशीच राहते.

शंकासुर
तीळ आणि कॅन्सरचं काय ते राहिलंच.

डॉ_खानदेशी
राहिलं नाही, निवांत लिहायचं होतं.

तिळांबद्दल अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. फ्रान्समध्ये २००६ साली एका छोट्या अभ्यासात आठ-नऊ वर्षांच्या, लहानपणी लाईट घेतलेल्या मुलांना तीळ जास्त दिसले. त्यावरून गाजावाजा झाला. तुमच्याकडे आलेला मजकूर त्याचंच नातवंड असावं. मग २००९ मध्ये फ्रान्समध्येच बरीच जास्त मुलं घेऊन तपासलं, तर संबंध दिसला नाही. मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा तो वाईट कॅन्सर, त्याबद्दल १९९७ मध्ये स्वीडनच्या अभ्यासात लाईटशी संबंध सापडला नाही.

कॅलिफोर्नियात खूप मोठ्या संख्येने मुलांच्या नोंदी तपासल्या, २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. लाईट घेतलेल्या मुलांत बालपणीच्या काही कॅन्सरचं प्रमाण किंचित जास्त दिसलं, पण इतर कारणं हिशोबात धरल्यावर फरक बराच आटला. त्यातून डॉक्टरांनी घेण्यासारखं एवढंच की गरज असेल तेव्हा द्या, उगाच नको. १७ ला तिसऱ्या दिवशी दिलेली लाईट "उगाच" मध्ये येत नाही.

त्वचेला खरा रंग येतो अशी एक स्थिती मात्र आहे. बाळाच्या लिव्हरमधून पित्त बाहेर पडायला अडथळा असेल आणि अशा बाळाला लाईट दिली, तर अंग करड्या-तपकिरी रंगाचं होतं. त्याला ब्राँझ बेबी म्हणतात. लाईट बंद केल्यावर काही आठवड्यांत जातं. पण मूळ अडथळा शोधावा लागतो.

पुण्यात_खानदेशी
मी स्वतः पेटीतला. जळगावला जन्म, १९९८. पाठीवर तीळ भरपूर आहेत. आता हे वाचून धाकट्या भावाला शर्ट काढायला लावला. त्याच्या पाठीवर माझ्यापेक्षा जास्त निघाले. तो पेटीत नव्हता.

भरीतवाला
@पुण्यात_खानदेशी, नमुन्याचा आकार: दोन. छापायला पाठवा.

तोरणमाळची_वाट
मी धडगाव या आदिवासी तालुक्यात शिक्षक आहे. इथे सगळे पेटीच्या डागांबद्दल बोलताहेत म्हणून लिहितो. पावसात भिजून आलेली मुलं वर्गात शर्ट पिळतात तेव्हा पोटावर गोल डाग दिसतात, रुपयाएवढे, कडा चकचकीत आणि मध्ये खोलगट. तापवलेल्या सळईने किंवा विळ्याने दिलेले. पोट फुगलं, कावीळ झाली, रडतंय, कशासाठीही. ते डाग जात नाहीत.

सातपुडा_वारा
सर, आदर आहे, पण दरवेळी डाग म्हटलं की आदिवासीच का? मी पावरा समाजातला आहे. आमच्या गावातल्या आशाताईने तीन पाड्यांवर हे बंद पाडलंय.

तोरणमाळची_वाट
बरोबर बोललात. माझ्या वाक्याचा तसा अर्थ निघत असेल तर तो नको.

केळीचं_पान
आणि बिब्बा? आमच्या चांगल्या शिकलेल्या घरात बारशाच्या आधी बाळाच्या पोटावर बिब्ब्याचे ठिपके दिले होते, नजर लागू नये आणि कावीळ होऊ नये म्हणून. तिथे फोड आले, मग खपल्या, मग काळे डाग. माझ्या नणंदेच्या पोटावर अजून आहेत, तिचं लग्न होऊन दहा वर्षं झाली. तेव्हा कुणी म्हटलं नाही पोर काळी पडेल.

परिचारिका_धुळे
@केळीचं_पान, अगदी अगदी. बिब्ब्याने भाजलेली बाळं दरवर्षी बघते.

मोठी_माय
बिब्बा मीपण लावत नाही हो. पण काविळीची माळ घातली तर काय बिघडतं? ती लांब होत जाते, कावीळ उतरत जाते.

भरीतवाला
माळ तर खुंटीला टांगली तरी लांब होते काकू. काड्या सुकतात आणि गाठी सैल होतात. आमच्या पारोळ्यात एकाने दाराला घालून दाखवली होती. दाराला कावीळ नव्हती.

गणपतबाप्पा_चोपडा
बिघडतं ते वेळेमुळे. माझ्या चुलत बहिणीच्या मुलाला दुसऱ्या दिवशीपासून पिवळं होतं. तिच्या घरच्यांनी आधी चुन्याच्या पाण्यात हात धुवून कावीळ उतरवणारा गाठला, पाणी पिवळं झालं, सगळे खूश. बाळ मात्र सुस्त, दूध ओढेना, मग रडायला लागलं ते चिरक्या आवाजात, पाठीची कमान करून. दवाखान्यात नेईपर्यंत आकडा ३० च्या वर. रक्त बदललं. जीव वाचला. आता पाच वर्षांचा आहे, ऐकू येत नाही, मान आणि हात वेडेवाकडे हलतात, बुद्धी मात्र तल्लख, डोळ्यांनी सगळं बोलतो. त्याचा रंग गोरापान आहे. बहीण स्वतःच म्हणते, सगळे त्याच्या रंगाचंच कौतुक करतात.

गिरणाकाठची
दादा, काय लिहू. त्याला माझ्याकडून पापा.

डॉ_खानदेशी
गणपतबाप्पांनी लिहिलेली लक्षणं सगळ्यांनी लक्षात ठेवा. बिलिरुबिन मेंदूत शिरल्याची ती खूण आहे. पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला, पिवळं तळपायापर्यंत उतरलं, बाळ दूध ओढेना किंवा उठवूनही उठेना, तर त्याच दिवशी दवाखाना. आणि शी. पिवळी किंवा हिरवी ठीक. पांढरट, खडूसारखी शी आणि गडद लघवी असेल तर पित्तनलिका बंद असू शकते. त्याचं ऑपरेशन साधारण दोन महिन्यांच्या आत झालं तर यश चांगलं मिळतं. अशी बाळं "आईच्या दुधाची कावीळ आहे, जाईल" म्हणत घरी राहिलेली मी बघितली आहेत.

जाता जाता शंकासुरांसाठी. क्रिगलर-नज्जार नावाचा दुर्मिळ आजार आहे, त्यात लिव्हरला बिलिरुबिन बाहेर टाकताच येत नाही. ती मुलं वर्षानुवर्षं रोज दहा-बारा तास निळ्या लाईटखाली झोपतात, लिव्हर बदलेपर्यंत. आपल्या बाळाचे दोन-तीन दिवस त्याच्यासमोर किती, बघा.

शंकासुर
पटलं. बिलाबद्दलचं मत कायम.

केळीचं_पान
डॉक्टर, माझ्या मुलाचं "जी६पीडी कमी" निघालं होतं आणि कपड्यातल्या डांबरगोळ्या बंद करायला सांगितल्या होत्या. ते काय असतं?

डॉ_खानदेशी
तांबड्या पेशींचं संरक्षण करणारं एक एन्झाइम जन्मतः कमी असतं, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त आढळतं. अशा बाळाला डांबरगोळीचा वास लागलेले कपडे घातले तरी पेशी फटाफट फुटून कावीळ भडकू शकते. आजीच्या ट्रंकेतली दुपटी आणि गोधड्या धुवून, चांगल्या वारा खाऊ देऊनच बाळाला. मेंदीसुद्धा नको. काही औषधंही चालत नाहीत, त्यांची यादी डॉक्टरांकडून घेऊन फाईलला लावून ठेवा.

मोठी_माय
ट्रंकेत डांबरगोळ्या तर आमच्याकडेही आहेत. उद्याच काढते. सून सातव्या महिन्यात आहे.

गिरणाकाठची
तिची शी पिवळी आहे, लघवी साधी. पट्टा कालपासून किंचित कमी वाटतोय, की मीच तसं बघतेय माहीत नाही. एक राहिलं, माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, तिचा बी पॉझिटिव्ह. पुढच्या बाळालाही हेच होणार का?

डॉ_खानदेशी
होऊ शकतं, होईलच असं नाही. आई ओ आणि बाळ ए किंवा बी असेल तर आईच्या रक्तातली प्रतिपिंडं बाळाच्या पेशी फोडू शकतात. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन असतं, ओ गटासाठी तसं काही नाही. पुढच्या वेळी बाळंतपणाच्या आधीच डॉक्टरांना सांगा की पहिलीला पेटी लागली होती, म्हणजे ते बाळाचं बिलिरुबिन लवकर तपासतील. आणि आत्ता या मुलीचं हिमोग्लोबिन काही आठवड्यांनी एकदा बघून घ्या, पेशी फुटत राहिल्याने ते उतरू शकतं. हे बऱ्याच घरी विसरतात.

परिचारिका_धुळे
आणि ऐकण्याची तपासणी झाली का? नवजाताची मशीनवर होते, बाळ झोपेत असताना, सुई नाही काही नाही.

गिरणाकाठची
नाही झाली. बुधवारी तपासायला बोलावलंय, तेव्हा दोन्हीचं विचारते. तासांचा आलेखही मागते. सासूबाई सोबत येणार म्हणाल्या आहेत.

भरीतवाला
डॉक्टरांना शुभेच्छा.